जुन्या पिकअपची तीन खाती

आमचे आजोबा बैल घ्यावयाला बाजारात गेले की दोन-दोन बाजार नुसते पाहण्यात घालवीत. दात मोजावयाचे, खूर उचलून पाहावयाचे, चार पावले चालवावयाचे, चढावर जू मानेवर देऊन पाहावयाचे. एवढे झाल्यावर मग रुमालाखाली बोटे दाबून सौदा. त्याच आजोबांच्या आम्हां नातवंडांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ३,४०,००० रुपये मोजून नऊ वर्षांची एक जुनी पिकअप गाडी घेतली. हा व्यवहार अवघ्या पाऊण तासात उरकला, आणि खरे सांगावयाचे तर तिचा ताजा पांढरा रंग पाहूनच उरकला. त्या पाऊण तासाची किंमत पुढे चौदा महिने आम्ही फेडीत होतो.

आमचे धाकटे बंधू बेळगावातील एका ओतीव कामाच्या कारखान्यात बावीस वर्षे होते. ती नोकरी सुटली तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस. नवी नोकरी मिळण्याचे वय गेलेले आणि स्वस्थ बसण्याचे आलेले नाही. बेळगावच्या बाजारातून गोव्याला रोज पहाटे भाजी जाते. जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ल्याचा घाट उतरला की साखळी आणि पुढे म्हापसा. या वाटेवर आपली स्वतःची गाडी घालावी असे घरात ठरले. बंधूंच्या भविष्यनिर्वाह निधीतून १,९०,००० रुपये आले. उरलेल्या १,५०,००० रुपयांसाठी आमच्या भावजयीने आपल्या चारही पाटल्या बँकेत गहाण ठेवल्या. ठेवताना ती एवढेच म्हणाली, "गाडी चालली की पाटल्या आपोआप घरी येतील."

गाडी चालली, पण पाटल्यांच्या आधी गॅरेजची बिले घरी येऊ लागली.

हिशेबाची वही भावजयीकडे असते. २०२४ च्या गुढीपाडव्याला आम्ही सारे ती वही घेऊन बसलो. चौदा महिन्यांत केवळ दुरुस्तीवर १,२७,००० रुपये गेले होते, म्हणजे गाडीच्या किमतीच्या ३७ टक्के. डिझेल, विमा, कर यांतले काही त्यात धरलेले नव्हते. आकडा ऐकून बंधूंनी मान खाली घातली. तेव्हा भावजयीने एका कोऱ्या पानावर तीन रकाने आखले. गाडी जुनी म्हणून जे होणारच होते ते पहिल्या रकान्यात, विकणाऱ्याने झाकून ठेवले होते ते दुसऱ्यात, आणि आपल्या हातांनी आपण ओढवून घेतले ते तिसऱ्यात. त्या पानाने आम्हांला जे शिकविले ते आमच्यासारख्या इतर घरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाचा इंदुरात मंडपाचा व्यवसाय असेल, कोणाचे बडोद्यात किराण्याचे दुकान, तर कोणाचे हैदराबादेत खानावळीचे काम. जुनी पिकअप दारात आणण्याचा विचार अशा घरांत कधी ना कधी निघतोच.

पहिले खाते : झीज

काही वस्तू झिजण्यासाठीच घडविलेल्या असतात. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्यांची तरतूद तेवढी करून ठेवावी.

आमच्याकडे पहिला क्रमांक लागला तो क्लचचा. एप्रिलमध्ये गोव्याहून परतताना घाटात इंजिन ओरडू लागले आणि वेग मात्र वाढेना. क्लच प्लेट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली घर्षणाची तबकडी. तिचे अस्तर झिजले की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही, मधल्यामध्ये घसरून जाते. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बरोबरच बदलावे. कारण एक वस्तू वाचवली आणि ती तीन महिन्यांनी गेली, तर गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी पुन्हा तेवढीच पडते. आम्हांला सामानाचे ८,९०० आणि मजुरीचे २,६०० असे ११,५०० रुपये लागले.

पाठोपाठ ब्रेकचे काम निघाले. मागच्या ड्रमचे शू, पुढचे पॅड, गळू लागलेले दोन व्हील सिलिंडर आणि नवे ब्रेक ऑइल मिळून ६,७०० रुपये झाले. भरली गाडी चोर्ल्याच्या उतारावर सतत ब्रेक दाबून उतरविली तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर त्यांची पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम इंजिनालाच ब्रेकचे काम करावयास लावतो. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि मग कमी उष्णतेला उकळते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलणे चांगले. येथे काटकसर करू नये. ही काटकसर पैशांवर थांबत नाही.

गाडी जागची हलताना खालून 'टक्क' असा आवाज येई, तो प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा निघाला. दोन क्रॉस आणि मजुरी, २,३०० रुपये. स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी रस्त्यावर डावी-उजवी भटके आणि पुढचे टायर कडेने खाल्ले जात. किंग पिन आणि त्यांचे बुश झिजल्याची ही खूण. त्याचे ४,८०० रुपये. मागचे दोन टायर १२,८०० रुपयांचे, आणि बॅटरी ६,२०० रुपयांची.

या खात्याची बेरीज ४४,३०० रुपये. कोणतीही नऊ वर्षांची मालवाहू गाडी घेतली असती तरी हा खर्च आगेमागे झालाच असता. आमची चूक एवढीच की, गाडी घेताना आम्ही खिशातला शेवटचा रुपया किमतीत घातला आणि झिजेसाठी काहीही शिल्लक ठेवले नाही.

दुसरे खाते : लपवाछपवी

गाडीचा नंबर 'एमएच ०७' ने सुरू होणारा, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याचा. कोल्हापुरातील मध्यस्थाने सांगितले की, ही गाडी आंब्याच्या पेट्या वाहत असे. आम्ही समाधानाने मान डोलावली. जूनचा पहिला पाऊस पडला, हौदा भिजला, आणि गाडी दारात उभी असताना भावजय ओटीवरून म्हणाली, "भाऊजी, आंबे कुठले? हिने मासळी वाहिलीय!"

मासळीच्या पेट्यांतील बर्फाचे खारट पाणी वर्षानुवर्षे हौद्याच्या फटींतून खाली ठिबकत राहते, आणि मीठ लोखंडाला आतून खाते. मेस्त्रींनी हौद्याचा तळाचा पत्रा उचलला तो पापडासारखा मोडला. मागचे पाटे चासीला जेथे बसतात तेथे डाव्या बाजूला बोटभर लांबीची चीर होती, आणि तिच्यावर काळ्या रंगाचा जाड थर. पत्रा नवा घालणे, गंज खरवडणे, चासीला आधाराची पट्टी देऊन चीर सांधणे, या साऱ्याला २३,५०० रुपये पडले. चासीचे सांधकाम ओळखीच्या आणि जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. ते करताना बॅटरीची जोडणी आधी सोडावी, नाहीतर वेल्डिंगच्या प्रवाहाने गाडीतील इलेक्ट्रॉनिक पेटी जळू शकते.

दुसरी लबाडी इंजिनाची. आम्ही गाडी पाहावयास गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते, आणि चावी फिरविताच ते सुरू झाले. आम्ही खूश झालो. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तेच इंजिन सुरू होईना. झाले ते खडखडत आणि काळा धूर ओकत. आजच्या डिझेल इंजिनांत इंधन हजार बारांहून अधिक दाबाने अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. डिझेलमधील पाणी, कचरा किंवा भेसळ यांनी ती छिद्रे आणि त्यांचे झडप बिघडते. आमचे दोन इंजेक्टर दुरुस्त करून बसवावे लागले, त्यांचे ९,००० रुपये. बाकीच्यांची सफाई, तपासणी आणि मजुरी ३,५०० रुपये.

मीटरवर ८८,००० किलोमीटरचा आकडा होता. पुढे चासी नंबर देऊन अधिकृत कार्यशाळेतील जुनी नोंद काढली, तेव्हा २०१९ सालीच गाडीचे १,१२,००० किलोमीटर झालेले आढळले. ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. ते आम्हांला पहिल्याच दिवशी दिसले होते. त्याचा अर्थ मात्र आम्ही लावला नाही.

या खात्याची बेरीज ३६,००० रुपये.

तिसरे खाते : हयगय

हे खाते लिहिताना हात आखडतो. परंतु लेखाचे सार याच खात्यात आहे.

जुलैच्या आरंभी मेस्त्री रेडिएटरच्या रबरी पाइपवर बोट ठेवून बंधूंना म्हणाले, "अण्णा, हा पाइप फुगलाय. दोनशे ऐंशी रुपयांचा आहे, आत्ताच बदला." बंधू घाईत होते. पुढच्या रविवारी बदलू, असे ठरले. तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. त्यानंतरच्या बुधवारी पहाटे, मुसळधार पावसात, कणकुंबीच्या अलीकडे इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल खुणेवर चढला.

गाडी त्याच क्षणी बाजूला घेऊन बंद करावयास हवी होती. परंतु मागे टोमॅटो होता. २०२३ च्या त्या जुलैत टोमॅटोच्या भावाने देशभर कहर केला होता, आणि म्हापशाचा बाजार कोणासाठी थांबत नाही. बंधूंनी आणखी तीन किलोमीटर गाडी रेटली. पाइप फाटला होता आणि पाणी वाहून गेले होते. पाण्यावाचून तापलेले इंजिनाचे हेड वाकले, खालचे गॅस्केट जळाले, आणि गाडी रानात उभी राहिली. हेड यंत्रावर घासून सपाट करणे, झडपा बसविणे, गॅस्केटचा संच, नवे तेल, कूलंट आणि मजुरी मिळून २१,४०० रुपये. गाडी ओढून आणण्याचे ४,५०० रुपये. माल वेळेवर पोहोचला नाही म्हणून व्यापाऱ्यांना १८,००० रुपये भरून द्यावे लागले, ते या वहीत धरलेले नाहीत. गाडी पाच दिवस बंद होती, तेही नाही. आणि हे सारे २८० रुपयांच्या एका पाइपासाठी.

सप्टेंबरात गोव्यात चवथ. भाजीला मागणी अपार. गाडीची वहनक्षमता १,३०० किलोंची. बंधूंनी दोन टनांच्या आसपास माल भरला. 'एक दिवसाचा तर प्रश्न' असे सगळेच म्हणतात. जांबोटीच्या पुढे एका खड्ड्यात मागचा मुख्य पाटा तुटला. पाटे, बुश, मधला बोल्ट आणि मजुरी, ७,६०० रुपये. जादा माल भरून मिळालेले भाडे याच्या निम्मेही नव्हते.

तिसरी चूक अधिक बारीक आहे. घाट चढून आल्यावर बंधू चहासाठी थांबत आणि गाडी थांबताक्षणी इंजिन बंद करीत. टर्बोचार्जरचे चाक मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते, आणि इंजिनातून येणारे तेल त्याचा ताप वाहून नेते. इंजिन एकदम बंद केले की तेलाचा पुरवठा तुटतो, आणि आत अडकलेले तेल जळून त्याची काजळी धरते. त्यात तेल बदलण्याची तारीखही आम्ही दोनदा पुढे ढकलली होती. जानेवारीत निळसर धूर येऊ लागला, तेलाची पातळी उतरू लागली, आणि टर्बो दुरुस्तीला १३,२०० रुपये गेले. चढ संपल्यावर दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवले असते तर कदाचित ते वाचले असते.

या खात्याची बेरीज ४६,७०० रुपये. तिन्हींत सर्वांत मोठी.

पानाकडे बराच वेळ पाहून बंधू म्हणाले, "विकणाऱ्याने छत्तीस हजारांना फसवलं म्हणून वर्षभर त्याला शिव्या घातल्या. आपणच आपल्याला सत्तेचाळीस हजारांना फसवलं, त्याचं काय?" यावर घरात कोणी काही बोलले नाही.

घेण्यापूर्वी काय पाहावे

जुनी गाडी पाहावयास सकाळी लवकर जावे, आणि प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला तर कारण विचारावे. चहा घेऊन यावे, किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू होताना त्याचा खरा स्वभाव कळतो.

मग धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. एअर फिल्टर, इंजेक्टर यांचा दोष. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. रिंगा, झडपांची सीले किंवा टर्बो झिजला आहे. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येतो. परंतु इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल तर पाणी आत शिरत असण्याचा संभव असतो. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण उघडून पाहावे. आतून भात्यासारखे वाफेचे झोत येत असतील तर रिंगा गेल्या असे समजावे; झाकणाखाली सायीसारखा दाट पांढरट थर असेल तर तेलात पाणी मिसळले असण्याची शंका घ्यावी. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे, उकळते पाणी तोंडावर उडते.

विजेरी आणि पेचकस घेऊन गाडीखाली शिरावे. कपडे मळतील, मळू द्यावेत. चासीवर पेचकसाने ठोकावे. जेथे आवाज बसका येतो तेथे गंज असतो. जुन्या गाडीच्या पोटाला नवाकोरा काळा रंग दिसला तर कौतुक न करता संशय घ्यावा. गाडी समुद्रकाठच्या जिल्ह्यातली असेल तर दुप्पट संशय घ्यावा.

शेवटी गाडी रिकामी न चालविता, थोडा माल किंवा चार माणसे घालून चढावर चालवून पाहावी. क्लच, कूलंट आणि टर्बो यांची परीक्षा तेथेच होते. आपला मेस्त्री बरोबर न्यावा, आणि त्याला दिवसाची मजुरी द्यावी. आमच्या मेस्त्रींनी यासाठी १,००० रुपये मागितले असते. आम्ही ते वाचविले! इंजिन पूर्ण उघडून लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगा घालण्याची वेळ असल्या गाडीवर आली, तर ८०,००० रुपयांचा अंदाज धरा, असे तेच आम्हांला सांगतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि अनेक सेन्सर असतात. अशी गाडी संगणकावर जोडून तपासल्याशिवाय घेऊच नये.

कागदांविषयी थोडेसे

आपण परप्रांतात स्थायिक झालेली माणसे. गाडी बहुधा एका राज्यातून घेतो आणि दुसऱ्यात चालवितो. अशा वेळी मूळ परिवहन कार्यालयाचा नाहरकत दाखला, म्हणजे नमुना २८, हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्यासाठी नमुने २९ आणि ३० लागतात. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरविल्याचा नमुना ३५. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवावयाची तर तेथील नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तेथला करही भरावा लागतो. तो आधीच विचारून किमतीत धरावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. मालवाहू गाडीचा योग्यता दाखला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचा, त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. गाडी घेताना त्याची तारीख पाहावी.

पाडव्यानंतर

पाडव्याच्या त्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. पहिली, दर फेरीमागे १५० रुपये भावजयीच्या डब्यात पडावयाचे. ते गाडीचे, घराचे नव्हेत. दुसरी, दर रविवारी सकाळी अर्धा तास गाडीचा. तेल, कूलंट, ब्रेक ऑइल यांची पातळी, रबरी पाइप, पट्टा, टायरची हवा, पाट्यांचे बोल्ट, आणि डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी सोडणे. मेस्त्रींनी 'आत्ता बदला' म्हटलेली वस्तू त्याच दिवशी बदलावयाची.

त्या पाडव्यापासून २०२५ च्या पाडव्यापर्यंत दुरुस्तीवर ३१,६०० रुपये खर्च झाले. तिसऱ्या रकान्यात एकच नोंद आहे, ६५० रुपयांची. कडी नीट न लावल्यामुळे मागचा फाळका उघडून रस्त्याला घासला होता. चार पाटल्यांपैकी दोन सोडवून घरी आणल्या आहेत, आणि दोन अजून बँकेत आहेत.

वाचकांपैकी कोणी जुनी गाडी घेण्याच्या विचारात असेल, तर आमचे एवढेच सांगणे आहे. जवळच्या पैशांचे चार भाग करावेत, आणि गाडी तीन भागांत बसेल अशीच पाहावी. चौथा भाग पहिल्या दोन खात्यांसाठी राखून ठेवावा, कारण ती टळत नाहीत. तिसरे खाते मात्र आपल्या हातचे आहे. ते कोरे ठेवण्यास रविवारचा अर्धा तास पुरतो.